मागच्या लढाईचं शहाणपण, पुढच्या लढाईची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. आता निवृत्त आहे. संध्याकाळी भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर पळायला येतात, दम लागला की माझ्या बाकाजवळ टेकतात आणि प्रश्न सुरू होतात. वाचनालयात दोनदा बोलायला बोलावलं, तेव्हापासून मोबाइलवरही येतात. तेच तेच फिरून येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिलाय.

१. एक युद्ध झालं की पुढच्याची तयारी आपोआप होते ना? अनुभव तर आलेला असतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. एका साली सीएमव्ही या विषाणूच्या रोगानं बाग उपटून फेकावी लागली की पुढच्या साली तो रोपं पारखून घेतो, मावा दिसायच्या आत फवारतो, बांधावरचं तण ठेवत नाही. सगळं बरोबर करतो. आणि जूनच्या तोंडाशी वावटळ सुटते नि घडासकट झाडं आडवी होतात. टेकू द्यायचे राहिलेले असतात, कारण गेल्या साली वारा नव्हता.

देशाचंही असंच. युद्धात जिथं सगळ्यात जास्त दुखलं, तिथं आधी पैसा जातो. ते बरोबरच आहे. पण जे दुखलं नाही ते तसंच पडून राहतं, आणि जे विकत घेतलं ते वर्षागणिक जुनं होत जातं. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर खालची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. १९६२ च्या पराभवानंतर नेमकं काय बदललं?

स्वतंत्र भारताच्या सैन्यात एकाच धक्क्यानं एवढा बदल बहुधा पुन्हा झाला नाही. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, २१ नोव्हेंबरला स्वतःच युद्ध थांबवलं. मधल्या महिन्याभरात नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती गणवेशात, जुन्या .३०३ रायफली घेऊन, प्रत्येकी जेमतेम पन्नास गोळ्यांवर उभे होते. विमानदल लढाईत उतरवलंच नाही.

कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीनं भाषणांतून शंभरदा ऐकलंय. त्या वाक्यामागचं काम मात्र कोरडं आणि मोठं होतं. संरक्षण खर्चाचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा दोनेक वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. डोंगरात लढणाऱ्या माउंटन डिव्हिजन उभ्या राहिल्या. सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं ठरलं. संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग नोव्हेंबर १९६२ मध्येच निघाला, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) युद्ध चालू असतानाच, २४ ऑक्टोबरला स्थापन झाली. अधिकारी कमी पडत होते म्हणून इमर्जन्सी कमिशन दिली गेली. कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. सत्तरीतल्या आजोबांना विचारा, परेड चुकवण्याच्या गोष्टी निघतील.

याचा उपयोग झाला का? सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीमच्या नथू ला खिंडीत चिनी सैन्यानं गोळीबार केला तेव्हा आपल्या तोफांनी असं उत्तर दिलं की १९६२ ची पुनरावृत्ती झाली नाही. तिथले डिव्हिजन कमांडर होते सगतसिंग. १९६५ मध्ये त्यांनी नथू ला सोडायला नकार दिला होता. शेजारची जेलेप ला आपण सोडली, ती गेलीच. तयारीत हाही भाग येतो, माणसाचा. तो कुठल्या खरेदीच्या यादीत नसतो.

३. आपल्या वरणगावची फॅक्टरी त्या युद्धामुळे आली, हे खरं का?

फॅक्टरी १९६४ ची आहे, म्हणजे १९६२ नंतरच्या उत्पादनवाढीच्या लाटेतली. छोट्या हत्यारांची काडतुसं हे तिचं काम. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी त्याच्या आधीची, १९४९ ची. तिथं दारूगोळ्याचे डबे-पेट्या आणि अलीकडे पिनाका रॉकेटचे पॉड. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं नि भुसावळ यंत्र इंडियात.

लडाख आणि नेफामधल्या (आजच्या अरुणाचलातल्या) पराभवानंतर तापीच्या काठच्या पोरांना नोकऱ्या लागल्या, क्वार्टर उठल्या, शाळा निघाल्या. वरणगावात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण तसं आहे.

४. मग तीनच वर्षांनी, १९६५ ला, आपण तयार होतो?

अर्धे. चीनकडे तोंड करून चाललेली उभारणी अजून निम्म्यावर होती आणि युद्ध आलं पश्चिमेकडून, रणगाड्यांचं. खेमकरणला असल उत्तरच्या उसाच्या शेतात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडकले, अब्दुल हमीद अमर झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. तीन उणिवांबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही.

पठाणकोटला ६ सप्टेंबरला आपली विमानं उघड्यावर उभी असताना जमिनीवरच जळाली. नौदलाला पोरबंदरच्या वर जायची परवानगी नव्हती. आणि तिसरी माझ्या धंद्यातली: युद्ध थांबवायचं की रेटायचं हे ठरत असताना दारूगोळा संपत आलाय असं पंतप्रधानांना सांगण्यात आलं, नंतर मोजदाद झाली तेव्हा खर्च झालेला भाग थोडाच निघाला. कोठारात माल होता, पण किती आहे हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. मी कित्येक वर्षं रजिस्टर लिहिलंय, त्यामुळे पठाणकोटच्या आगीपेक्षा मला हीच गोष्ट जास्त टोचते.

५. १९७१ ला तेरा दिवसांत निकाल कसा लागला?

प्रश्न ४ मधल्या उणिवा एकेक करून भरल्या गेल्या होत्या म्हणून. विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे बांधले होते. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला, पण १९६५ सारखी विमानं हाती लागली नाहीत. सीमेवर राज्यांच्या पोलिसांऐवजी बीएसएफ होती, ती १ डिसेंबर १९६५ ला स्थापन झालेली. परदेशातल्या हेरगिरीसाठी १९६८ पासून रॉ होती. अमेरिकेनं १९६५ मध्ये शस्त्रं रोखल्यामुळे आपण सोव्हिएत बाजूला सरकलो होतो, ऑगस्ट १९७१ मध्ये तर करारही झाला.

नौदलाचा किस्सा तर खासच. किनारा राखण्यासाठी घेतलेल्या छोट्या क्षेपणास्त्र नौका मोठ्या जहाजांना बांधून कराचीच्या दिशेनं ओढत नेल्या आणि ४ डिसेंबरच्या रात्री त्यांवरून क्षेपणास्त्रं डागली. १९६५ ला घरी बसवल्याची सल होती ती. आणि लष्करप्रमुख माणेकशा यांनी एप्रिलमध्ये "आत्ता नको" म्हणून मिळवलेले महिने: पावसाळा सरला, हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद झाल्या, साठे पुढे सरकले.

६. जिंकल्यावर शिकणं थांबतं, असं म्हणतात. आपल्याकडेही झालं का?

झालं, पण आळशीपणानं नाही. १९७१ नंतर सैन्यानं जोरात अभ्यास केला, यांत्रिकीकरण केलं, १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री उभी केली, १९८६-८७ मध्ये राजस्थानात ब्रासटॅक्स नावाचा प्रचंड सराव केला. तयारी पंजाबच्या कालव्यांची नि वाळवंटातल्या रणगाड्यांची. आणि १९८७ च्या जुलैत शांतिसेना म्हणून पाठवलं कुठं, तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या गल्ल्यांत. समोर लुंगीतला माणूस, हातात एके-४७. आपल्या जवानाच्या हातात लांबलचक एसएलआर रायफल. मार्च १९९० मध्ये परत येईपर्यंत अकराशेहून जास्त जवान गमावले.

इस्रायलचं उदाहरण यापेक्षा ठसठशीत आहे. १९६७ मध्ये सहा दिवसांत जिंकले आणि सुवेझच्या काठी वाळूचे उंच बांध घालून निर्धास्त झाले. हरलेल्या इजिप्तनं तेवढी वर्षं त्या बांधाचाच अभ्यास केला. ६ ऑक्टोबर १९७३ ला त्यांनी पाण्याचे जोरदार पंप लावून बांध धुऊन काढले. आपल्याकडे विहिरीचा गाळ काढणाऱ्या कुठल्याही माणसाला हे सुचलं असतं. पुढे इस्रायल सावरला, पण पहिले काही दिवस फार वाईट गेले.

७. बोफोर्समध्ये घोटाळा, आणि कारगिलला तीच तोफ कामाला आली. मग काय समजायचं?

दोन्ही खरं. १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला, १९८७ मध्ये लाचेची बातमी फुटली, आणि त्यानंतर मोठ्या तोफेच्या फाइलवर सही करायला जवळपास तीस वर्षं कुणाचा हात धजावला नाही. १९९९ मध्ये द्रास-बटालिकच्या डोंगरांवर त्याच तोफांनी रस्ता मोकळा केला. सगळ्या तोफखान्यानं मिळून अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब, रॉकेटं डागली. गोळे कमी पडायला लागल्यावर परदेशातून घाईनं आणावे लागले. घाईत माल घेणाऱ्याला दुकानदार काय भाव लावतो, हे लग्नाच्या आदल्या दिवशी जळगावात कपडे घेणाऱ्याला सांगायला नको.

तोफेबरोबर तिचे आराखडेही मिळाले होते. त्यांवरून आपली धनुष तोफ झाली, तिची पहिली खेप सैन्याला २०१९ मध्ये मिळाली. मधली वर्षं कपाटात गेली.

८. कारगिलनंतर चौकशी झाली होती. तिचं पुढे काय झालं?

युद्ध २६ जुलैला संपलं आणि तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल काही भाग गाळून का होईना, छापून लोकांसमोर आला. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारनं आजवर प्रसिद्ध केलेला नाही, त्यामानानं ही मोठीच सुधारणा.

काही शिफारशी लवकर अमलात आल्या: तिन्ही दलांचं एकत्र मुख्यालय, डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी, तांत्रिक हेरगिरीसाठी एनटीआरओ. समितीच्या अहवालानंतर नेमलेल्या मंत्रिगटानं २००१ मध्ये सुचवलेलं सीडीएस (तिन्ही दलांचा समन्वय करणारा प्रमुख) हे पद मात्र १ जानेवारी २०२० ला भरलं गेलं. ज्या शिफारशीत कुणाची खुर्ची हलत नाही ती आधी होते, हे माझं मत. कुठल्याही कार्यालयात पडताळून पाहा.

९. सर, अग्निवीर योजना कारगिलमुळे आली का?

मैदानावरचा रोजचा प्रश्न. थेट तशी आली नाही, पण धागा आहे. कारगिल समितीनं जवानांचं सरासरी वय कमी करायला सांगितलं होतं: सतरा वर्षांची नोकरी सात ते दहा वर्षांवर आणावी आणि नंतर त्या जवानांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावं. जून २०२२ मध्ये अग्निपथ जाहीर झाली तेव्हा सरकारनं या शिफारशीचा दाखला दिला. फरक तुम्हीच पाहा: समितीचे सात ते दहा, योजनेचे चार, आणि चार वर्षांनी चौघांतला एकच कायम.

योजना चांगली की वाईट हे मी पोरांना सांगत नाही. धावण्याची वेळ कमी करा, एवढंच सांगतो.

१०. "दहा दिवसांचाच दारूगोळा शिल्लक" ही बातमी मधूनमधून फिरते. खरी आहे का?

मूळ आधार कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या, अहवालांचा. हिशेब असा: तीव्र युद्धाचे चाळीस दिवस पुरेल इतका राखीव साठा हवा, निदान वीस दिवसांचा तरी असावा. २०१७ च्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती होती आणि १५२ पैकी सुमारे चाळीस टक्के प्रकार दहा दिवसांच्याही खाली होते. म्हणजे सगळा दारूगोळा दहा दिवसांचा, असं नव्हे. काही प्रकारांचा तुटवडा. पण रणगाडा एका प्रकारच्या गोळ्यावर अडला तर बाकीचे एकशे एक्कावन्न काय कामाचे? त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार सैन्याला दिले गेले. ती जुनी बातमी आज नवी म्हणून पुढे पाठवू नका.

११. एकदाच भरपूर बनवून ठेवला तर? गोळी काय दूध आहे नासायला?

नासते. काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, बुडाची टोपी, आतली दारू, वरची गोळी. दारूत ती हळूहळू विघटित होऊ नये म्हणून एक स्थिरकारक मिसळलेला असतो. तो वर्षागणिक संपत जातो आणि उष्णतेत लवकर संपतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बाहेरच्या पत्र्याला हात लावता येत नाही. म्हणूनच दारूगोळ्याची कोठारं मातीचे बांध घालून, थंड नि कोरडी ठेवतात.

टोपीच्या कडेला लाखेची बारीक गोल रेघ असते, ओल आत शिरू नये म्हणून. नवा माणूस आला की मी त्याला भिंग देऊन ती रेघ बघायला लावायचो. एका ठिकाणी तुटली असेल तर काडतूस दिसायला झकास, पण ऐन वेळी ठुस्स. प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो आणि लॉटमधले नमुने अधूनमधून झाडून बघतात. नापास झाला की अख्खा लॉट बाद. म्हणजे युद्धानंतर घाईनं भरलेलं कोठार बहुतेक एकदमच म्हातारं होतं.

१२. मग साठा कशाला, युद्ध लागल्यावर कारखाना तीन पाळ्यांत चालवायचा!

मशिन चालतं, पण सेट कोण करणार? पुंगळी ओढायच्या प्रेसवर केसाइतका फरक पडला की हजारो पुंगळ्या भंगारात. तो सेटर तयार व्हायला वर्षं जातात. युद्ध झालं की ऑर्डर वाढतात, ओटी (जादा कामाचा पगार) मिळतो, नवी भरती होते. मग शांतता येते, ओटी बंद होतो, सेटर निवृत्त होतात, त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. पुढच्या युद्धाला इमारत तीच असते, हात नसतात.

हे फक्त आपलं दुखणं नाही. १९१५ मध्ये ब्रिटनला तोफगोळे पुरेनात, त्यावरून सरकार हललं आणि दारूगोळ्याचं वेगळं खातं काढावं लागलं. शंभर वर्षांनी युक्रेनला गोळे पुरवताना युरोप-अमेरिकेची तीच ओढाताण झाली.

१३. सैन्याची रायफल सारखी का बदलते?

प्रत्येक रायफलीमागे एकेक लढाई आहे. .३०३ मागे पडण्यात १९६२ चा वाटा. तिच्या जागी ७.६२ मिमीची एसएलआर. श्रीलंकेत ती जड नि लांब वाटली (प्रश्न ६), नव्वदच्या दशकात ५.५६ मिमीची इन्सास आली. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या, काश्मीरमध्ये जास्त मार करणारी गोळी हवी म्हणाले, आणि आता पुन्हा ७.६२: सिग ७१६ आणि एके-२०३. या दोघींची काडतुसंही सारखी नाहीत. एकीची पुंगळी ५१ मिमी लांब, दुसरीची ३९. रायफल बदलली म्हणून पेपरात फोटो येतो. इकडे काडतुसांच्या लाइनीवर डाय, गेज, पेट्या सगळं बदलावं लागतं, त्याचा फोटो येत नाही.

१४. पानिपतातून मराठे काही शिकले का?

महादजी शिंदे शिकले. १७६१ च्या रणातून ते पाय अधू होऊन परतले, आणि पुढे द बॉइन या फिरंग्याच्या हाताखाली कवायती पलटणी नि तोफखाना उभा केला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत त्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची दाणादाण उडवायची तेवढी बाकी ठेवली. पण हत्यार शिकलं तरी हुकूम देणारे परके राहिले, आणि इंग्रजांशी गाठ पडल्यावर त्यांतले बरेच सोडून गेले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, इंग्रज आपल्या थाळनेरच्या किल्ल्यापर्यंत येऊन पोचले आणि किल्लेदाराला फासावर चढवलं. शिरपूरकडं गेलात तर तापीकाठचे अवशेष बघून या.

१५. म्हणजे मागच्या युद्धाची तयारी करणं चुकीचंच?

नाही. प्रश्न ५ पाहा, तिथं तीच तयारी कामी आली. फ्रान्सनं जर्मन सीमेवर बांधलेल्या मॅजिनो तटबंदीला सगळे हसतात, पण जर्मन मुख्यतः तिला वळसा घालून आले. ती होती म्हणूनच वळसा घालावा लागला. वळशाच्या तोंडावर पुरेसं सैन्य नव्हतं, चूक ती.

१६. दुसऱ्यांच्या युद्धावरून शिकता येतं का?

येतं, स्वस्तात येतं, पण अंगी लागत नाही. युक्रेनमध्ये २०२२ पासून ड्रोननं काय केलं ते जगानं पाहिलं. आपल्याकडे खरी धावपळ मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानातून ड्रोनचे थवे आल्यावर दिसली.

१७. ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलमध्ये भुसावळचं नाव कसं?

नागरी संरक्षणाच्या यादीत होतं म्हणून. जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र, कारखाने. नकाशा बघितला तर आश्चर्य वाटायला नको. गंमत अशी की सायरन म्हणजे काय करायचं हे सांगू शकणारी माणसं सगळी साठीच्या पुढची निघाली. शेजारच्या आजींनी लगेच काचांना लावायला कागद शोधला. त्यांना १९७१ चा ब्लॅकआउट आठवत होता. नातू व्हिडिओ काढत होता.

१८. तात्या, आते लढाई व्हई का?

धुळ्याहून एक जण दर महिन्याला विचारतो. माले काय म्हाईत, भाऊ.

१९. वरणगावात रोज किती गोळ्या बनतात?

पुढचा प्रश्न.

२०. वडील १९७१ ला होते. त्यांच्या पेटीत एक काडतूस सापडलं. आठवण म्हणून ठेवू का?

पुंगळी रिकामी असेल, टोपीवर ठोकल्याची खूण असेल, तरी पोलिसांना दाखवून घ्या. गोळी वर बसलेली असेल तर ते जिवंत आहे असंच धरा. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, मग ते कितीही जुनं असो. घासूनपुसून चकचकीत करू नका, गोळी उपसायला पक्कड लावू नका, देवघरात समईजवळ तर मुळीच ठेवू नका (ठेवलेलं मी पाहिलंय). आहे तिथं राहू द्या, पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि ठाण्यात फोन करा. फोटो मला पाठवायचा असेल तर बुडाचा, लांबूनच काढलेला पाठवा. बुडावर कारखान्याची खूण नि साल कोरलेलं असतं. ते वाचता आलं तर काडतूस कुठलं, केव्हाचं, एवढं सांगेन.